पाकोळीचा खालचा पंख

मी एक जुने लढाऊ विमान आहे, मित्रांनो. लढाऊ म्हणवून घेते खरे, पण सांगायला थोडा संकोच वाटतो, कारण मी आयुष्यात एकदाही लढले नाही. माझ्यासारखे दुसरे विमान जगात कुठेही नाही. माझी वीस भावंडे व्हायची होती. त्यांतले एकही जन्माला आले नाही. असे का झाले, ते आज तुम्हांला सांगणार आहे.

माझा जन्म १९२५ सालचा. नोव्ही साद शहराबाहेर, डॅन्यूब नदीच्या काठी एक लाकडी शेड होती. पहिले महायुद्ध संपून सात वर्षे झाली होती. शेडच्या मालकाने युद्धाआधी बग्ग्या बनवल्या होत्या, आता त्याला विमाने बनवायची होती. सैन्याला पसंत पडले तर वीस विमानांचे काम मिळणार होते आणि शेडमधल्या साठ माणसांच्या घरची चूल त्या कामावर पेटणार होती.

माझा आराखडा स्वेतोझार नावाच्या इंजिनिअरने काढला. उंच, किडकिडीत, बोलायला तुटक असा हा माणूस. त्याचा धाकटा भाऊ ओब्राद युद्धात वैमानिक होता. सलोनिकाच्या आघाडीवर शत्रूचे विमान खालून आले आणि ओब्रादला ते दिसलेच नाही. त्याच्या विमानाचा खालचा पंख इतका रुंद होता की खाली काय चालले आहे ते कळायला मार्गच नव्हता. ओब्राद गेला तेव्हा तेवीस वर्षांचा होता. त्या दिवसापासून स्वेतोझारच्या डोक्यात एकच विचार बसला. ज्यातून खालचे सगळे दिसेल, असे विमान करायचे.

म्हणून माझा वरचा पंख चांगला रुंद आणि खालचा अगदी चिंचोळा होता. रुंद पंखात लांबीने जाणारे दोन लाकडी वासे असतात. माझ्या खालच्या पंखात एकच वासा मावत होता. दोन पंखांना जोडणारा खांब, आपण दोन बोटे पसरतो ना, तसा होता. त्याचे टोक खालच्या पंखावर एकाच जागी टेकत होते.

मला जोडणारे सुतार म्हणजे गेझा मिस्त्री. साठीला आलेले, हंगेरियन, तोंडात कायम एक खिळा धरलेला. पहिल्यांदा माझा सांगाडा उभा राहिला तेव्हा ते कमरेवर हात ठेवून बघत राहिले.

"साहेब, थोरला पोटभर जेवलाय आणि धाकट्याला कुणी ताटावर बोलावलंच नाही, असं दिसतंय हो हे!"

"धाकटा बारीकच राहणार, मिस्त्री," स्वेतोझार म्हणाला. "तो बारीक आहे म्हणून वरच्याला दिसतं."

माझ्या फासळ्यांवर तागाचे कापड चढवले ते यूलकाबाईंनी. युद्धात नवरा गेला तेव्हापासून त्या शिवणकाम करत. त्यांच्या हाताखाली आठ बायका होत्या. एकेक टाका बोटाच्या पेराएवढ्या अंतरावर, आणि प्रत्येक टाक्याला गाठ. कापडावर मग लेप चढायचा. तो वाळताना कापड ढोलासारखे ताणले जाई आणि शेडभर पिकलेल्या नासपतीचा वास सुटे. लेप वाळला की यूलकाबाई बोटाच्या टोकाने माझ्यावर टिचकी मारत आणि कान लावून आवाज ऐकत. आवाज मनासारखा आला तरच पुढे सरकत. इतक्या मायेने मला पुन्हा कुणी हात लावला नाही.

माझे नाव कागदावर काहीतरी अक्षर आणि आकडा असे होते. शेडमधली माणसे मात्र मला चिओपा म्हणू लागली. चिओपा म्हणजे पाकोळी, ती नाही का, अरुंद पंखांची, जी जमिनीवर टेकतच नाही! मला ते नाव फार आवडले.

मला उडवायला आले कॅप्टन विदोये. ते ओब्रादच्याच तुकडीत होते, त्याचे जिवलग मित्र. उड्डाणाआधी भोपळ्याच्या बिया चघळायची त्यांना सवय होती आणि टरफले ते माझ्या कॉकपिटमध्येच टाकत. यूलकाबाई झाडू घेऊन येत आणि कुरकुरत.

"कॅप्टन, हे विमान आहे की कोंबड्यांचं खुराडं?"

"बाई, कोंबडी उडत नाही म्हणून तिला खुराडं लागतं. मी उडतो!"

एप्रिलमध्ये मी पहिल्यांदा जमीन सोडली. त्या दिवशी नदीकाठचा सोसाट्याचा कोशावा वारा नुकताच पडला होता. नदी खाली तांब्याच्या पत्र्यासारखी चमकत होती. विदोये माझ्या कडेवरून खाली वाकून बघत होते आणि एकटेच मोठमोठ्याने हसत होते. उतरल्यावर त्यांनी स्वेतोझारला मिठी मारली.

"अरे, सगळं दिसतं! पेत्रोवारादिनच्या किल्ल्यावरचं घड्याळ दिसलं, धोब्याच्या होडीतली बाई दिसली, तिच्या होडीतलं मांजर दिसलं! स्वेता, हे आपल्याला तेव्हा मिळायला हवं होतं रे!"

स्वेतोझार माझ्या मागे जाऊन उभा राहिला आणि बराच वेळ डोळे पुसत राहिला. मला वाटले, मी जगातले सगळ्यात भाग्यवान विमान आहे.

पुढचा महिना कौतुकात गेला. मी झपकन वळत असे, भराभर वर चढत असे. रविवारी शहरातली माणसे जेवणाचे डबे घेऊन मला बघायला कुंपणापाशी येत. मालकाने शेडला नवा रंग दिला. बेलग्रेडहून सैन्याची समिती येणार अशी तारीखही ठरली.

मग सूर मारण्याची चाचणी आली. लढाऊ विमानाला उंचावरून नाक खाली करून वेगाने झेपावता आले पाहिजे. विदोयेंनी मला दोन हजार मीटरवर नेले आणि खाली सोडले. वारा कापडावर किंचाळू लागला. आणि मित्रांनो, तेव्हाच मला पहिल्यांदा काहीतरी वेगळे जाणवले. माझा खालचा पंख थरथरत होता. ओला टॉवेल पिळावा तसा तो त्या एकुलत्या एक वाशाभोवती पिळू पाहत होता. विदोयेंनी हळूच मला सरळ केले आणि थरथर थांबली.

सगळ्यांच्या आधी मला कळले होते. पण विमानाला तोंड कुठे असते?

खाली उतरल्यावर विदोये नेहमीसारखे हसले नाहीत. "इंजीन जरा हादरतंय," एवढेच म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी यूलकाबाई ओल्या फडक्याने मला पुसत होत्या. खालच्या डाव्या पंखावर, खांबाच्या टोकापाशी त्यांचा हात थांबला. लेपावर केसासारख्या बारीक, तिरप्या रेघा उमटल्या होत्या. त्यांनी स्वेतोझारला बोलावले.

"साहेब, इथं कापडाला ओढ बसलीय. तिरकी. कुणीतरी कोपरा धरून पिळल्यासारखी."

स्वेतोझारने वाकून पाहिले. समिती यायला दहा दिवस होते. "तुमची शिवण सैल पडली असेल, यूलकाबाई. पुन्हा घाला."

यूलकाबाईंचा चेहरा उतरला. आठही बायका ऐकत होत्या. त्यांनी तेवढे कापड उसवले, दुहेरी दोऱ्याने पुन्हा शिवले, लेप दिला, टिचकी मारून आवाज ऐकला.

आठवड्याने पुन्हा सूर मारला आणि पुन्हा ती थरथर आली, या वेळी जास्त. दुसऱ्या सकाळी यूलकाबाई सगळ्यांच्या आधी शेडमध्ये आल्या. त्याच जागी, तशाच तिरप्या रेघा. टाके मात्र सगळे जागच्या जागी होते, एकही सैल नव्हता.

या वेळी त्या स्वेतोझारकडे गेल्या नाहीत. विदोये दाराशी बाकावर बसून बिया सोलत होते. त्या थेट त्यांच्यापुढे जाऊन उभ्या राहिल्या.

"कॅप्टन, खरं सांगा. वर काय होतं?"

"काय व्हायचंय?"

"माझा नवरा खोटं बोलायचा तेव्हा असाच बियांकडे बघायचा. माझ्याकडे बघा."

विदोयेंनी मूठ मिटली. मग ते म्हणाले, "पंख थरथरतो. दोन्ही वेळा थरथरला."

"मग सांगितलं का नाही तुम्ही?"

"कसं सांगू, बाई? हे विमान ओब्रादसाठी केलंय त्यानं. त्यात खोट कुठल्या तोंडानं काढू?"

"आणि वरून पडलात तर?"

"मी नाही पडणार. मला कळतं कुठं थांबायचं ते."

"तुम्हाला कळतं," यूलकाबाई म्हणाल्या. "बाकीच्या वीस विमानांत तुम्हीच बसणार आहात का?"

विदोये उठले. दोघे मिळून स्वेतोझारच्या टेबलापाशी गेले. तो ऐकत असताना आधी लाल झाला, मग पांढरा पडला.

"वाळूच्या पोत्यांची चाचणी झालीय! विमान उलटं करून पंखांवर पोती ठेवली होती, सगळ्यांसमोर! एक फासळीसुद्धा कुरकुरली नाही!"

"तेव्हा पंख वाकतो का ते बघितलं आपण," गेझा मिस्त्री मागून म्हणाले. तोंडातला खिळा त्यांनी बाहेर काढला होता, म्हणजे गोष्ट गंभीर होती. "पिळतो का ते नाही बघितलं, साहेब."

स्वेतोझार उठला. त्याने माझ्या खालच्या पंखाच्या टोकाला एक लांब काठी बांधायला लावली. काठीचे टोक भिंतीवर जिथे आले तिथे खडूने खूण केली. मग पंखाच्या फक्त मागच्या कडेला, एकेक करून, वाळूची पिशवी टांगायला सुरुवात केली. पाचव्या पिशवीला काठी खुणेवरून दोन बोटे सरकली. आठव्या पिशवीला एक वीत. साठ माणसे कामे थांबवून बघत होती, पण शेडमध्ये काठीच्या सरकण्याचा आवाज ऐकू येत होता. मला दुखत होते, आणि त्याहून जास्त लाज वाटत होती.

"पुरे," स्वेतोझार म्हणाला.

समिती दुसऱ्याच दिवशी येणार होती.

स्वेतोझार, विदोये आणि गेझा मिस्त्री माझ्या पंखाखाली बसून बोलले ते सगळे मी ऐकले. दुसरा वासा घालायचा तर पंख रुंद करावा लागणार. रुंद केला तर खालचे दिसणार नाही. आणि सगळा हिशोब नव्याने मांडायला निदान सहा महिने हवेत. मालक तेवढे थांबणार नव्हता, हे सगळ्यांना ठाऊक होते.

विदोयेंनी मार्ग काढला. "मी उद्या अर्धाच सूर मारतो. जमिनीवरून काय कळणार त्यांना? काम हातात येऊ दे. मग पुढची विमानं करताना तू शांतपणे सुधार."

स्वेतोझारने मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, ते मला कळले नाही. मला मात्र मनापासून वाटत होते की त्याने हो म्हणावे. मला माझी वीस भावंडे हवी होती.

दुसऱ्या दिवशी समिती आली. तिघे अधिकारी होते. त्यांचे प्रमुख कर्नल आर्सेनिये, ठेंगणे, गोल चेहऱ्याचे, दिलखुलास. मी वळणे घेतली, चढून दाखवले, हवेत कोलांटी घेतली. कर्नलसाहेब टोपी हलवून ओरडत होते. मी उतरले तेव्हा त्यांनी स्वेतोझारच्या पाठीवर इतक्या जोरात थाप मारली की तो पुढे झुकला.

"शाब्बास! पाखरू आहे, पाखरू! आता एक सूर दाखवा, की आम्ही जेवायला मोकळे. मासा शिजलाय असा वास येतोय!"

विदोये पुन्हा कॉकपिटमध्ये चढले. त्यांनी स्वेतोझारकडे पाहून डोळा मिचकावला. मेकॅनिकने माझ्या नाकावरच्या पंख्याला हात घातला.

तेवढ्यात स्वेतोझारने माझ्या खालच्या पंखावर तळहात ठेवला.

"थांबा," तो म्हणाला. "सूर मारायचा नाही."

"का हो?" कर्नल हसत म्हणाले. "मासा पळून जातोय का?"

"हा पंख पिळतो, साहेब. वेग वाढला की पिळतो. आज कॅप्टन सांभाळून नेतील, तुम्हाला दिसणारही नाही. पण एक दिवस कुणीतरी शत्रूच्या मागे लागून पूर्ण सूर मारेल आणि हा पंख तुटेल. चूक आराखड्यात आहे. म्हणजे माझी आहे."

कर्नलांचे हसू मावळले. मागे मालक मटकन खुर्चीवर बसला.

"इंजिनिअरसाहेब, आम्ही इथे विमान बघायला आलो होतो," कर्नल सावकाश म्हणाले. "कबुली ऐकायला नाही."

"ठाऊक आहे, साहेब."

कर्नलांनी माझ्या पंखाकडे पाहिले, विदोयेंकडे पाहिले. मग टोपी डोक्यावर घातली. "कुणाच्या तरी आईबापांनी तुमचे आभार मानायला हवेत," ते म्हणाले. "फक्त त्यांना ते कधी कळणार नाही." आणि ते न जेवताच निघून गेले.

अहवालात माझ्याबद्दल तीन शब्द लिहिले होते. उत्पादन करण्यास अयोग्य.

मित्रांनो, खरे बोलणाऱ्याचे लगेच भले होते, असे मी तुम्हांला सांगणार नाही. महिन्याभरात अर्ध्या माणसांचे काम सुटले. आठपैकी पाच बायका घरी बसल्या. त्यांतली एक यूलकाबाईंना सगळ्यांसमोर म्हणाली, "तुझ्या डोळ्यांनी आमची चूल विझवली गं." यूलकाबाईंनी मान खाली घातली. त्या दिवशी त्यांचे टाके पहिल्यांदाच वाकडे पडले. गेझा मिस्त्री दोन आठवडे स्वेतोझारशी बोलले नाहीत. नोकरी सोडायच्या दिवशी स्वेतोझार शिवणाच्या टेबलापाशी आला आणि उरलेल्या तीन बायकांसमोर उभा राहिला.

"यूलकाबाई, शिवण सैल नव्हती. माझं डोकं सैल होतं. त्या दिवशी मी तुम्हाला बोललो, ते मी परत घेतो."

"चहा घेऊन जा," यूलकाबाई म्हणाल्या.

शेडमध्ये मग मधमाश्यांच्या पेट्या बनू लागल्या. फ्रुश्का गोराच्या डोंगरात मध खूप होतो. गेझा मिस्त्री पेट्या ठोकता ठोकता माझ्याकडे बघत. "माझी पाखरं आता बारकी झाली," म्हणत, "पण उडतात तरी बिचारी." माझे इंजीन काढून कुठल्याशा बोटीला बसवले. मला कोपऱ्यात ढकलले. माझ्या सांध्यांतला सरस दुधाच्या चोथ्यापासून केलेला होता, त्याच्या वासाने उंदीर आले. कबुतरांनी वरच्या पंखावर घरटी केली. यूलकाबाईंनी शिवलेले कापड उन्हाने ठिसूळ होऊन फाटत गेले. छपराला भोक पडले तेव्हा मला थोडे आकाश दिसू लागले, आणि मी त्यालाच समाधान मानले.

अशी चार वर्षे गेली. एका सकाळी दार उघडले. स्वेतोझार आला होता, आता कारागिरांच्या शाळेत गणित शिकवत असे. त्याच्यासोबत कोर्नेल नावाचा एक तरुण इंजिनिअर होता. तो दूरच्या दुसऱ्या कारखान्यातला. त्यालाही असेच खालचे सगळे दाखवणारे विमान करायचे होते, आणि सैन्यात कुणीतरी त्याला माझी हकीकत सांगितली होती.

"सर, तुमची मोजमापं मिळाली तर..." कोर्नेल चाचरत म्हणाला. "अर्थात, ती तुमची आहेत. तुम्ही नाही म्हणालात तरी मी समजू शकतो."

स्वेतोझारने काखेतली सुरळी त्याच्या हातात दिली. "ही काठीची मापं. ही पिशव्यांची. कितव्या पिशवीला किती सरकली, सगळं आहे. आणि तो पंख उघडून बघा, सांध्याला कुठं चिरलंय ते दिसेल."

"उघडायचा म्हणजे कापावा लागेल."

स्वेतोझार माझ्याजवळ आला. "कापा," म्हणाला.

तीन दिवस कोर्नेल माझ्यापाशी बसून होता. माझा खालचा डावा पंख त्याने फासळी फासळी वेगळा केला. मला खेद झाला नाही. इतक्या वर्षांनी कुणीतरी मला वाचत होते.

पुढच्या वर्षीच्या सप्टेंबरात छपराच्या भोकातून मी एक आवाज ऐकला. दुसऱ्या इंजिनाचा, खणखणीत. मग कोर्नेलचे नवे विमान भोकातून एका निमिषापुरते दिसले. खालचा पंख माझ्यापेक्षा थोडा रुंद, आत दोन वासे (हे मला मागाहून कळले), आणि खाली बघण्यासाठी पंखाच्या बुंध्याशी कापड काढून मोकळी जागा ठेवलेली. असे करता येईल हे आम्हा कुणालाच सुचले नव्हते! नदीवर त्याने सूर मारला. आवाज चढत गेला, चढत गेला, आणि मी वाट बघत राहिले. मग त्याने नाक वर उचलले आणि आवाज गोल होऊन आकाशात निघून गेला.

दुपारी शेडचे दार उघडून विदोये आत आले. केस पिकले होते, अंगावर वैमानिकाचा कोट होता; ते विमान आम्हांला दाखवायला तेच इथवर घेऊन आले होते. ती थरथर कशी असते हे ज्याला ठाऊक आहे, असाच माणूस चाचणीला हवा, म्हणून कोर्नेलने त्यांना मुद्दाम बोलावून घेतले होते. मागोमाग स्वेतोझार आला, शाळेतून धावत, हाताला खडू तसाच. तो दारातच थांबला.

"नाही थरथरलं," विदोये म्हणाले.

स्वेतोझार माझ्या कापलेल्या पंखाशेजारी जमिनीवर बसला आणि लहान मुलासारखा रडला. विदोये त्याच्याजवळ बसून राहिले.

त्या विमानाची पुष्कळ भावंडे झाली. कुणावरही माझे नाव नव्हते. पण संध्याकाळी त्यांतली तरुण पोरे जमिनीवर उतरत, बूट काढत, जेवायला जात, तेव्हा त्यात माझाही थोडा वाटा होता, असे मी मानते.

आता मी एका संग्रहालयाच्या मागच्या खोलीत आहे. खालचा एक पंख आहे, एक नाही. भिंतीला ओल आहे. समोरच्या मोठ्या दालनात जिंकलेली, नावाजलेली विमाने उभी आहेत आणि माणसे त्यांच्यापाशी फोटो काढतात. त्यांचा मला हेवा वाटत नाही. माझे मागणे एवढेच आहे. जे जमले नाही ते अडगळ म्हणून फेकू नका. त्याचे कागद जपा, त्याच्यावरची धूळ झटका, डोक्यावरचे छप्पर गळत असेल तर कुणाला तरी सांगा. आणि मित्रांनो, कुठे माझ्यासारखी एकटीच राहून गेलेली वस्तू दिसली, तर तिच्यापाशी थांबून विचारा, "तुझं का नाही जमलं?" विचारून लगेच पुढे मात्र जाऊ नका. उत्तर मोठे असते. ते ऐकून घ्या.